‘जुळी’च्या नोंदी: एक जुनी स्क्रिप्ट ओकॅमलमध्ये नेताना

११ जानेवारी २०२५, शनिवार

जुन्या पायथन स्क्रिप्टला निवृत्त करायचं आज नक्की केलं. तिचं काम साधं आहे. एखाद्या फोल्डरमध्ये एकसारख्या फाइली कुठे कुठे साठून राहिल्यात ते सांगायचं. त्यासाठी ती प्रत्येक फाइलचा एफएनव्ही-१ए नावाचा ६४ बिटांचा हॅश (मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढते आणि अनुक्रमणिकेच्या एका फाइलीत लिहून ठेवते. पुढच्या वेळी न बदललेल्या फाइली पुन्हा वाचाव्या लागत नाहीत. गणित छान, पण पायथनमध्ये एकेका बाइटवर लूप फिरवणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. रात्री लावलेली स्क्रिप्ट सकाळी उठून पाहावं तर चालूच.

नवा प्रोग्राम ओकॅमलमध्ये लिहायचा, नाव ‘जुळी’. अट एकच: जुनी अनुक्रमणिका त्याला जशीच्या तशी चालली पाहिजे. चार वर्षांचे हॅश आहेत त्यात.

ओकॅमलच का, याचं प्रामाणिक उत्तर असं की बरेच दिवस हातात धरून बघायची होती. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतली ही भाषा. १९९६ साली ‘ऑब्जेक्टिव्ह कॅमल’ या नावाने आली, २०११ पासून नुसतं ओकॅमल. फंक्शनल, इम्परेटिव्ह आणि ऑब्जेक्ट या तिन्ही शैली एकाच छपराखाली. रस्टचा अगदी पहिला कंपायलर याच भाषेत लिहिला होता, हेही एक आकर्षण. एका मित्राला सांगितलं तर म्हणाला, “फंक्शनल भाषेत जातोयस तर लूप लिहू नकोस, पाप लागतं.” मी मान डोलावली.

ओपॅम या पॅकेज मॅनेजरने प्रकल्पाच्या फोल्डरातच स्वतंत्र स्विच बनवला, कंपायलर ५.२.१. स्विच म्हणजे कंपायलर आणि त्याच्यासोबतच्या लायब्रऱ्यांचा एक वेगळा संसार. एका प्रकल्पाची भांडी दुसऱ्याच्या घरात जात नाहीत. तीनच दिवसांपूर्वी ५.३ आलीय, पण एडिटरला टाइप पुरवणाऱ्या मर्लिन या साधनाची प्रत्येक आवृत्ती ठरावीक कंपायलरशी बांधलेली असते, आणि एडिटरमध्ये टाइप दिसले नाहीत तर मी आंधळा. म्हणून एक पायरी मागेच.

अर्धा तास फुकट गेला: नवं टर्मिनल उघडलं आणि ओपॅमचं एन्व्हायर्नमेंट त्यात चढवायचं विसरलो. सिस्टिममधला जुना कंपायलर निमूट चालत राहिला आणि “हे मॉड्यूलच नाही” म्हणून सांगत राहिला.

१२ जानेवारी, रविवार

ड्यूनचा सांगाडा उभा केला: लिब, बिन, टेस्ट. ड्यून हे बिल्डचं साधन जेन स्ट्रीट कंपनीतून आलं, आधी त्याचं नाव जेबिल्डर होतं. त्याच्या फाइली कंसांच्या भाषेत लिहायच्या. पहिल्यांदा बघून कपाळाला आठ्या पडतात, पण चार ओळींत काम भागतं आणि कुठली फाइल कुणावर अवलंबून आहे ते तोच शोधतो.

न वापरलेलं एक व्हेरिएबल राहिलं होतं, तर बिल्डच थांबलं. डेव्ह प्रोफाइलमध्ये ड्यून बऱ्याचशा वॉर्निंगना चूकच मानतो. रिलीज प्रोफाइलमध्ये मानत नाही. तासाभरात तीनदा चिडलो. चौथ्यांदा लक्षात आलं की “न वापरलेलं” ते व्हेरिएबल खरं तर मी वापरायला हवं होतं: फोल्डरचा मार्ग. फंक्शन नुसतं फाइलचं नाव पुढे देत होतं.

डिस्कवरच्या नोंदीसाठी व्हेरियंट, म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप, बनवला: साधी फाइल, फोल्डर, इतर. त्यावर मॅच (प्रत्येक पर्यायाला एक फांदी देणारी रचना) लिहिताना शेवटी खालच्या रेघेची “उरलेलं काहीही” अशी फांदी टाकली. लिहायला सोपं पडलं.

१४ जानेवारी, मंगळवार

ते सोपं पडलेलं आज महागात पडलं. एका फोल्डरमध्ये एकच फाइल, आणि ‘जुळी’ म्हणते तिच्या ४१ प्रती आहेत. सगळ्यांचा मार्ग थोडा थोडा लांब होत गेलेला. फोल्डरात स्वतःकडेच बोट दाखवणारी एक सिमलिंक होती. फाइलची माहिती काढायला मी स्टॅट वापरला होता, तो लिंकच्या मागे जातो. लिनक्स कर्नल एका मार्गात ४० सिमलिंकांपर्यंत जाऊ देतो आणि मग हात वर करतो. मूळची एक आणि चक्रातून आलेल्या ४०, मिळून ४१. हिशेब चोख, उत्तर चूक.

लिंकच्या मागे न जाणारा एलस्टॅट लावला, व्हेरियंटमध्ये ‘सिमलिंक’ हा चौथा प्रकार घातला आणि बिल्डची वाट पाहिली. कंपायलरने तीन जागा दाखवायला हव्या होत्या, दाखवल्या दोन. तिसऱ्या जागी ती “उरलेलं काहीही” फांदी बसली होती. सगळी मॅचं पूर्ण आहेत की नाहीत हे तपासणं ही या भाषेची खरी कमाई, आणि मी एका रेघेने ती बंद करून ठेवली होती. ती फांदी काढली. यापुढे स्वतःच्या टाइपवर ती नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज हॅश. एफएनव्ही-१ए अगदी छोटा आहे: एका ठरलेल्या आकड्यापासून सुरुवात, प्रत्येक बाइटला एक्सॉर, मग १०९९५११६२८२११ ने गुणाकार, उत्तराचे ६४ बिट ठेवायचे. सुरुवातीचा आकडा १४६९५९८१०३९३४६६५६०३७.

तो आकडा लिहिल्याबरोबर कंपायलरने अडवलं: इंटच्या आवाक्याबाहेर आहे. ओकॅमलचा इंट ६३ बिटांचा. एक बिट रनटाइम स्वतःकडे ठेवतो, हा साधा पूर्णांक आहे की मेमरीतल्या ठोकळ्याचा पत्ता, हे ओळखण्यासाठी. कचरा गोळा करणाऱ्याला, म्हणजे नको झालेली मेमरी परत घेणाऱ्या भागाला, ते कळणं भाग आहे. म्हणून तो आकडा आधी इंट६४ मध्ये घेतला आणि मग इंटमध्ये बदलून टाकला. कंपायलर गप्प झाला. मीही.

फाइल एकदम पूर्ण वाचायची नाही, ६५५३६ बाइटांचे घास घ्यायचे. त्यासाठीचा बफर मॉड्यूलच्या वरच एकदा बनवून ठेवला, प्रत्येक फाइलसाठी नवा कशाला. हॅशचं फंक्शन मात्र शुद्ध रिकर्शनने, म्हणजे लूपऐवजी स्वतःलाच हाक मारणारं, लिहिलं. मित्राला दाखवण्याजोगं झालंय.

क्रॅम टेस्टही जोडल्या. ही सोय मला फार आवडली: साध्या मजकुराच्या फाइलीत कमांड लिहायची, खाली अपेक्षित उत्तर. ड्यून कमांड चालवतो आणि फरक दाखवतो. फरक मान्य असेल तर ‘प्रमोट’ म्हणायचं, तो स्वतःच फाइलीत उत्तर लिहून देतो. मी रिकामी फाइल, एका अक्षराची फाइल आणि मोठी फाइल अशा तीन टेस्ट लिहिल्या, उत्तराच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि प्रमोट केलं. सगळं हिरवं.

१९ जानेवारी, रविवार

जुनी अनुक्रमणिका दिली. ‘जुळी’ म्हणाली, जवळजवळ निम्म्या फाइली बदलल्या आहेत.

सगळ्या चुकल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्याच चुकल्या तर हॅश चुकीचा, एखादीच चुकली तर फाइल खरंच बदललेली. निम्म्या म्हणजे काय? आधी संशय फाइलीच्या आकारावर, मग शेवटच्या अपुऱ्या घासावर. यूटॉप या ओकॅमलच्या संवादी टर्मिनलमध्ये लायब्ररी चढवून एकेक फंक्शन हाताने चालवलं. ड्यूनने एका कमांडमध्ये आपलं मॉड्यूल आत घेऊन यूटॉप उघडतं, त्यामुळे असा खेळ चटकन होतो. दुपारपर्यंत काहीच नाही.

शेवटी जुने आणि नवे हॅश शेजारी शेजारी छापले आणि नुसते बघत बसलो. सोळा हेक्स अंकांपैकी पंधरा प्रत्येक वेळी सारखे. चुकलेल्यांत फक्त पहिला अंक वेगळा, आणि दर वेळी बरोबर ८ ने कमी. सर्वांत वरचा बिट! इंट६४ मधून इंटमध्ये येताना तो गळून पडतो. गुणाकार आणि एक्सॉर दोन्हींमध्ये खालच्या बिटांना वरच्या बिटाची गरजच लागत नाही, त्यामुळे उरलेले ६३ बिट अगदी निर्दोष. ज्या फाइलींच्या हॅशचा वरचा बिट मुळात शून्य होता, त्या जुळल्या. नाणेफेक. म्हणून निम्म्या.

कंपायलरने काल दारातच अडवलं होतं. मी खिडकीतून आलो.

याहून मोठी शरम टेस्टची. रिकाम्या फाइलचा एफएनव्ही-१ए म्हणजे तो सुरुवातीचा आकडाच, काहीही न बदललेला. हेक्समध्ये तो ‘सी’ने सुरू होतो. माझ्या टेस्टमध्ये ४ ने सुरू होणारा आकडा बसलाय, आणि तिथे मीच प्रमोट करून बसवलाय. म्हणजे टेस्ट माझ्या चुकीवर पहारा देत होती. तिन्ही उत्तरं जुन्या स्क्रिप्टमधून काढून हाताने लिहिली.

२२ जानेवारी, बुधवार

सगळीकडे इंट६४. दशांशात लिहिलेला तो सुरुवातीचा आकडा इंट६४ म्हणूनही नाकारला जातो, कारण चिन्हासकट तो मावत नाही. हेक्समध्ये लिहिला तर गुंडाळून ऋण आकडा म्हणून घेतो. आता अनुक्रमणिका पूर्ण जुळते. पण वेग कुठे गेला? पायथनपेक्षा पुष्कळ बरा, तरी मनात धरला होता त्याच्या जवळपासही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

वेगाचा माग काढला. ओकॅमलच्या रनटाइमला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगता येतं की प्रोग्राम संपताना मेमरीचा हिशेब छाप. १०० एमबीच्या एका फाइलवर चालवलं: लहान हीपवर (नव्या, अल्पायुषी वस्तूंच्या मेमरीत) सुमारे ३१.५ कोटी शब्द वाटले गेले. १०० एमबी म्हणजे सुमारे १०.५ कोटी बाइट. बाइटमागे बरोबर तीन शब्द.

तीन शब्द म्हणजे एक पेटीबंद इंट६४: एक मथळा, एक त्या प्रकारच्या क्रियांच्या तक्त्याचा पत्ता आणि एक खरी किंमत. माझं रिकर्सिव्ह फंक्शन प्रत्येक फेरीत नवा हॅश पुढच्या हाकेला द्यायचं, आणि फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून जाताना इंट६४ पेटीतच जातो. फाइलमधला एक बाइट वाचायला २४ बाइटांचा कचरा. लहान हीप सुरुवातीला २ एमबीचा असतो, तो सारखा भरायचा आणि रिकामा व्हायचा. कचरा गोळा करणारा बिचारा चोख काम करत होता, म्हणून तर इतके दिवस कळलं नाही.

मग पाप केलं. फंक्शनच्या आत एक रेफ (बदलता येणारी किंमत), त्याच्यावर फॉर लूप, शेवटी किंमत बाहेर. पाच ओळी. फंक्शनच्या बाहेर न जाणारा असा रेफ असेल तर नेटिव्ह कंपायलर त्याला सरळ बिनपेटीचा रजिस्टरमध्ये ठेवतो. पुन्हा हिशेब छापला: वाटप जवळपास शून्य. वेळ आधीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

मित्राला कळवलं. त्याचं उत्तर: “आत काय लपवलंस ते बाहेर दिसत नाही ना? मग चालतं.” हा माणूस तत्त्वाचा पक्का असेल असं वाटलं होतं.

पण त्याचं म्हणणं बरोबर आहे. बाहेरून बघणाऱ्याला तेच फंक्शन दिसतं: बाइट आत, आकडा बाहेर. लूप हा त्याच्या घरातला मामला.

२६ जानेवारी, रविवार

किरकोळ वाटलेलं, पण नोंदवून ठेवतो. मार्ग मी तुकड्यांच्या लिस्टमध्ये ठेवत होतो आणि ती लिस्टच हॅशटेबलची, म्हणजे किल्लीवरून नोंद शोधणाऱ्या तक्त्याची, किल्ली. खोल फोल्डरांवर टेबल गोगलगाय झालं. ओकॅमलचं सर्वसाधारण हॅश फंक्शन कोणत्याही रचनेत जास्तीत जास्त दहा अर्थपूर्ण किमती बघतं आणि थांबतं. मार्गाचे पहिले दहा तुकडे सारखे असलेल्या सगळ्या फाइली त्याच्या लेखी एकच, सगळ्या एकाच खणात. लिस्ट जोडून एक स्ट्रिंग केली, प्रश्न संपला. खरं तर किल्ली म्हणून लिस्ट का घेतली होती? “लिस्ट फंक्शनल असते” म्हणून. छान कारण.

हार्ड लिंकही आजच: डिव्हाइस आणि आयनोड (डिस्कवरचा फाइलचा क्रमांक) या जोडीची किल्ली. तीच फाइल दोन नावांनी असेल तर ती प्रत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

अहवाल तीन प्रकारे हवा: वाचायला मजकूर, सीएसव्ही, जेसन. ऑब्जेक्ट शैलीची पाळी आली म्हणून हौसेने क्लास लिहिला, त्याची तीन पोरं. ओकॅमलचे ऑब्जेक्ट वेगळेच आहेत. तिथे वंश महत्त्वाचा नाही. हव्या त्या मेथड हव्या त्या टाइपच्या असल्या की झालं, ऑब्जेक्ट कुठल्या क्लासातून आलाय हे कुणी विचारत नाही. ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि तरी संध्याकाळी सगळे क्लास पुसले. प्रत्येकात एकच मेथड होती आणि आत जपायची स्थिती काहीच नव्हती. एक मेथड असलेला आणि काहीही लक्षात न ठेवणारा ऑब्जेक्ट म्हणजे टोपी घातलेलं फंक्शन. तीन फंक्शनं केली. नव्वद ओळींच्या तीस झाल्या.

हॅश बदलता यावा ही गरज मात्र मॉड्यूलनेच भागली. एक सिग्नेचर लिहिली: हॅशचं नाव, आणि फाइलचा मार्ग दिला की हॅश देणारं फंक्शन. बाकीचं सगळं इंजिन एका फंक्टरमध्ये, म्हणजे मॉड्यूल घेऊन मॉड्यूल देणाऱ्या साच्यात. त्यात एफएनव्ही घातलं की जुन्या अनुक्रमणिकेसाठीचं इंजिन, ब्लेक२ हा दुसरा हॅश घातला की नवं. ५.२ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच एमडी५ शेजारी ब्लेक२ बसलंय, दोन्हींची सिग्नेचर एकच, त्यामुळे वेगळी लायब्ररी आणावी लागली नाही. दोन इंजिनांच्या अनुक्रमणिका चुकून एकमेकींत मिसळू नयेत म्हणून इंटरफेस फाइलीत अनुक्रमणिकेचा टाइप झाकून ठेवला. आता मिसळायचं म्हटलं तरी बिल्ड होत नाही.

ऑब्जेक्टना या प्रकल्पात काम मिळालं नाही याचं थोडं वाईट वाटलं. नावातच आहेत बिचारे.

२ फेब्रुवारी, रविवार

मर्लिनबद्दल लिहायचं राहून जातंय. तीन आठवड्यांत मी टाइप हाताने किती लिहिले? इंटरफेस फाइली सोडल्या तर जवळपास नाहीच. कर्सर ठेवला की टाइप दिसतो. कोड अर्धवट, कंस उघडे, तरी दिसतो, कारण मर्लिनचा पार्सर तुटक्या कोडमधूनही वाट काढतो. मॅचच्या जागी एक किमत ठेवून ‘डिस्ट्रक्ट’ म्हटलं की सगळ्या फांद्या लिहून मिळतात. १४ तारखेची चूक हे आधी माहीत असतं तर झालीच नसती: फांद्या फुकट मिळत असताना खालची रेघ कोण टाकेल?

एक चिडकं प्रकरणही. मॉड्यूलच्या वर रिकामं हॅशटेबल बनवून ठेवलं तर टाइपमध्ये ‘वीक१’ अशी विचित्र खूण आली आणि बिल्ड नकार देऊ लागलं. रिकामं टेबल “कोणत्याही टाइपचं” मानता येत नाही. नाहीतर एकाने त्यात आकडे टाकले असते आणि दुसऱ्याने स्ट्रिंग काढल्या असत्या. एकदा ते कशाचं आहे हे ठरलं पाहिजे. टाइप लिहून दिला. रास्त आहे, फक्त चुकीच्या संदेशाची भाषा वकिली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

अहवालातले रकाने वाकडे. इंग्रजी नावांच्या फाइली सरळ रेषेत, देवनागरी नावांच्या डावीकडे सरकलेल्या. ओकॅमलची स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ, त्यापलीकडे तिला काही माहीत नाही. ‘नोंदी’ या शब्दाची लांबी विचारली तर ती १५ सांगते: पाच युनिकोड चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. वाचणाऱ्याला दिसतात दोनच अक्षरं. प्रिंटएफने १५ धरून जागा सोडली, म्हणजे प्रत्यक्षात सोडलीच नाही.

स्टँडर्ड लायब्ररीत ४.१४ पासून यूटीएफ-८ मधून एकेक चिन्ह काढता येतं, पण चिन्ह मोजूनही ५ येतात, २ नाही. अक्षरांचे गट पाडायला यूयूसेग ही लायब्ररी, टर्मिनलवर किती रुंदी लागेल त्याचा अंदाज द्यायला यूयूसीपी. अंदाजच म्हणायचं, कारण माझं टर्मिनल जोडाक्षरांना स्वतःच्या मर्जीने जागा देतं. ‘क्ष’ कधी एका घरात, कधी दोन. शेवटी फाइलचं नाव सर्वांत उजवीकडच्या रकान्यात नेलं. उजवीकडे काही नसलं की काही सरकतही नाही. लायब्ररी फक्त लांब नावं मधून कापायला ठेवली, नाहीतर मात्रा एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या.

९ फेब्रुवारी, रविवार

दहापैकी एखाद्या वेळी प्रोग्राम ‘नॉट फाउंड’ म्हणून कोसळतो. बॅकट्रेस (कोसळण्याआधीच्या हाकांचा माग) चालू केला, ओळ कळली: आकारावरून गट शोधण्याची जागा. पण त्या आकाराचा गट तर मीच दोन पावलं आधी बनवलेला!

इथे ओकॅमलडीबग बाहेर काढला. हा डीबगर काळात मागे जातो. त्यासाठी ड्यूनकडून बाइटकोड बनवून घ्यावा लागतो, नेटिव्हवर चालत नाही. प्रोग्राम कोसळेपर्यंत पळू दिला, मग एक पाऊल मागे, आणखी एक मागे, आणि किमती छापल्या. शोधला जाणारा आकार गटातल्या आकारापेक्षा २१२ बाइटांनी मोठा. फाइल कुठली? दुसऱ्या एका प्रोग्रामचा लॉग, जो त्या क्षणी लिहिला जात होता. मी एलस्टॅट दोनदा करत होतो, एकदा गट पाडताना आणि एकदा गट शोधताना, आणि मधल्या काळात फाइल वाढलेली.

गंमत म्हणजे मागे जाणारा डीबगर जगाला मागे नेत नाही. तो प्रोग्रामची जुनी प्रत धरून तिथून पुन्हा चालवतो. डिस्कवरची फाइल मात्र पुढेच वाढत राहते. त्यामुळे दुसऱ्यांदा मागे गेलो तेव्हा २१२ चे ४०० झाले होते. तेवढ्यावरूनच खरं तर चोर सापडला.

आता माहिती एकदाच घ्यायची आणि तोच रेकॉर्ड सगळीकडे फिरवायचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समांतर काम. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.० पासून ओकॅमलमध्ये डोमेन, म्हणजे खरोखर समांतर चालणारे धागे, आहेत. त्याआधी एका वेळी एकच थ्रेड ओकॅमलचा कोड चालवू शकायचा. डोमेन जड असतो, फाइलमागे एक असा काढायचा नाही, कोअरइतकेच काढायचे. फाइलींचा एक अ‍ॅरे, पुढचा क्रमांक सांगणारा एक अ‍ॅटॉमिक काउंटर. प्रत्येक डोमेन क्रमांक उचलतो, हॅश काढतो, निकालाच्या अ‍ॅरेत स्वतःच्या क्रमांकावर लिहितो. हॅशटेबलला कुणी हात लावायचा नाही, ते शेवटी मुख्य डोमेन एकटा भरेल. इतकी काळजी घेतल्यावर काय बिघडणार.

पहिल्याच फेरीत शेकडो फाइली “बदललेल्या”. दुसऱ्या फेरीत वेगळ्याच शेकडो.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर डोक्यात एकच: हॅशचं फंक्शन शुद्ध आहे, बाइट आत, आकडा बाहेर. सकाळी स्वतःच्या डोक्यावर विसंबणं सोडलं आणि थ्रेडसॅनिटायझर असलेला दुसरा स्विच ओपॅमने बनवला. ही सोय ५.२ मध्येच आली. प्रोग्राम फारच हळू चालतो, पण दोन डोमेन एकाच जागी विनापरवाना पोचले की दोन्हींचे स्टॅक छापतो.

पाच मिनिटांत अहवाल. दोन्ही स्टॅकांत एकच नाव, हॅश काढणाऱ्या फंक्शनचं, आणि जागा तो बफर. १८ जानेवारीचा, मॉड्यूलच्या वर “एकदाच” बनवलेला, ६५५३६ बाइटांचा. एक डोमेन त्यात आपली फाइल ओतत असताना दुसरा त्यातूनच हॅश काढत होता.

मित्राचं वाक्य आठवलं, आत लपवलेलं बाहेर दिसत नाही ना. लूपमधला रेफ आत होता, म्हणून चालला. बफर आत असल्यासारखा वाटत होता, होता बाहेर. बफरची ओळ फंक्शनमध्ये हलवली. फाइलमागे ६४ केबी नवे, त्याची किंमत मोजूनही दिसत नाही. म्हणजे जी बचत म्हणून हे केलं, ती कधी नव्हतीच.

आठ कोअरवर एसएसडीवरच्या फाइली साडेपाच पट लवकर. फिरत्या डिस्कवर उलट मंद, तिचं टोक इकडून तिकडे धावतच बसतं. डोमेनची संख्या कमांडवरून देता येईल असं केलं, मुळातली १.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ओकॅमलफॉरमॅट लावला. त्याची एक फाइल मुळाशी असल्याशिवाय तो काहीच करत नाही, ते कळायला दहा मिनिटं. त्याच्या आवृत्तीचा आकडा त्या फाइलीत बांधून ठेवला, नाहीतर दुसऱ्या मशीनवर निम्मा कोड नुसताच हलतो.

१ मार्च, शनिवार

पूर्ण साठ्यावर पहिली फेरी, एफएनव्ही इंजिन, जुनी अनुक्रमणिका. रात्रभर चालणारं काम अकरा मिनिटांत. बदललेल्या फाइली सात, सातही हाताने तपासल्या, खरंच बदललेल्या.

हॅश जुळला म्हणून प्रत मानायची नाही, गटातल्या फाइली बाइटागणिक ताडून बघायच्या, हे आधीपासून ठरलं होतं; तेही चालू आहे. ‘जुळी’ काहीही पुसत नाही, फक्त सांगते. पुसण्याचा पर्याय लिहायला घेतला होता. मग स्वतःच्या प्रमोट केलेल्या टेस्ट आठवल्या आणि तो तसाच सोडून दिला.

उरलेलं: ब्लेक२ ची नवी अनुक्रमणिका रात्री लावायची आहे. आणि ५.३ वर स्विच बनवून बघायचाय, मर्लिन आता तयार आहे.